पंगतीतील पाठ

लहान मुलांना आहाराविषयी काही शिकवावयाचे ठरले, की शिक्षकांच्या हाती बहुधा एक रंगीत तक्ता येतो. तक्त्यावर सफरचंद असते, द्राक्षांचा घड असतो, दुधाचा पेला आणि लोण्याची वडी असते. वर ठळक अक्षरांत ‘सकस आहार’ असे लिहिलेले असते. मुले तो तक्ता पाहतात, त्यातील नावे पाठ करतात आणि परीक्षेत ती बिनचूक लिहितातही. पण मधल्या सुटीची घंटा होते आणि हीच मुले डबा उघडतात, किंवा ताट घेऊन ओळीत उभी राहतात, तेव्हा तक्त्यावरील पदार्थांपैकी एखादाही त्यांच्या समोर असत नाही. समोर असतो भात, आमटी, क्वचित भाकरी, क्वचित एखादी पालेभाजी. फळ्यावरचा आहार आणि ताटातला आहार यांचा परस्परांशी काही संबंध नाही, अशी समजूत बालमनात नकळत रुजते. आपण जे खातो ते तक्त्यावर चढण्याच्या योग्यतेचे नाही, हाही धडा ते मूल त्याच वेळी शिकते. आणि हा दुसरा धडा पहिल्यापेक्षा अधिक काळ टिकतो.

आहाराचे शिक्षण मुलाच्या स्वतःच्या ताटापासून कसे सुरू करता येईल, हा म्हणूनच या विषयातील मुख्य प्रश्न होय. त्याचा विचार करण्यास बंगळूर हे नगर सोयीचे आहे. अन्नातील पोषक द्रव्यांचा शास्त्रीय अभ्यास तेथे दीर्घकाळ झाला आहे. शाळेत शिजविलेले अन्न मुलांना रोज वाढण्याची मोठी व्यवस्था तेथे उभी आहे. शिवाय कन्नड, तमिळ, तेलुगू, उर्दू, मराठी अशा अनेक भाषा बोलणाऱ्या घरांतील मुले तेथील वर्गांत शेजारी शेजारी बसतात. त्यांच्या डब्यांतील पदार्थ निरनिराळे असले, तरी त्या पदार्थांना शरीरात करावयाची कामे एकच असतात.

या नगराच्या विज्ञानेतिहासात एका मराठी विदुषीचे नाव आदराने घेतले जाते. १९३३ साली मुंबई विद्यापीठाच्या पदवीपरीक्षेत प्रथम आलेल्या कमला भागवत बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत संशोधनासाठी गेल्या. पुढे कमला सोहोनी या नावाने त्या प्रसिद्धीस आल्या. दुर्गाबाई भागवत या त्यांच्या भगिनी. संस्थेचे संचालक सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी, स्त्री असल्याच्या कारणावरून, त्यांना प्रवेश नाकारला. कमलाबाईंनी माघार घेतली नाही. अखेर काही अटींवर त्यांना प्रवेश मिळाला. वर्षभरात त्यांच्या कामाने संचालकांचे समाधान झाले आणि पुढे इतर विद्यार्थिनींसाठीही त्या संस्थेची दारे उघडली. येथे विशेष लक्षात घ्यावयाचे ते त्यांच्या संशोधनाचे विषय. दूध, डाळी आणि कडधान्ये यांतील प्रथिनांचा त्यांनी तेथे अभ्यास केला. भारतातील सामान्य माणसाच्या घरात जे शिजते, त्यातच शास्त्राने पाहण्याजोगे पुष्कळ काही आहे, ही दृष्टी त्या निवडीमागे दिसते. केंब्रिजला १९३९ साली पीएच.डी. मिळवून परतल्यावरही हीच दृष्टी त्यांच्या कामात राहिली. शाळेतील आहारपाठालाही नेमकी हीच दृष्टी हवी.

सहा ते दहा वर्षांच्या मुलांना प्रथिने, कर्बोदके, जीवनसत्त्वे ही नावे सांगून फारसे काही साधत नाही. या वयात वस्तूचे नाव समजण्यापूर्वी तिचे काम समजते. म्हणून अन्नाची तीन कामे सांगावी: काही अन्न खेळण्यापळण्यास बळ देते, काही अन्न शरीर वाढविते आणि काही अन्न आजारापासून रक्षण करते. भात, भाकरी, तेल, गूळ ही पहिल्या गटात येतात. डाळ, कडधान्य, दूध, अंडे, मासळी ही दुसऱ्यात. आणि भाज्या व फळे ही तिसऱ्यात. हे वर्गीकरण ढोबळ आहे, कारण बहुतेक पदार्थ एकाहून अधिक कामे करतात. तथापि पहिल्या पायरीला ते पुरेसे आहे. ‘आज तुझ्या ताटात या तिघांपैकी कोण आले आणि कोण आले नाही?’ या एका प्रश्नाचे उत्तर पहिलीतील मूलही देऊ शकते.

बंगळूरच्या मुलांना हा प्रश्न विचारण्यास त्यांचे रोजचे पदार्थच उपयोगी पडतात. ‘बिसी बेळे भात’ या नावाचा अर्थ गरम डाळभात. ‘बेळे’ म्हणजे डाळ. या एका पदार्थात तांदूळ, तूरडाळ आणि भाज्या एकत्र येतात. म्हणजे अन्नाची तिन्ही कामे करणारे एकाच भांड्यात शिजतात. तांदळाच्या प्रथिनांत जो घटक उणा असतो तो डाळीत भरपूर असतो, आणि डाळीत जो कमी असतो तो तांदूळ पुरवितो. त्यामुळे दोन्ही मिळून शरीराला अधिक उपयोगी पडतात. वरणभात, इडली-सांबार, खिचडी, पुरणपोळी या सर्वांच्या मुळाशी हीच जोडी आहे. रामनवमीला तेथे भिजविलेली मूगडाळ, काकडी आणि लिंबू यांची ‘कोसंबरी’ वाटतात. मराठी मुलाला ती आपल्या कोशिंबिरीची बहीण वाटली, तर ते चुकीचे नाही. लिंबातील क जीवनसत्त्वामुळे धान्य, डाळ व पालेभाजी यांतील लोह शरीरात अधिक चांगले शोषले जाते. याउलट जेवणाबरोबर घेतलेली कॉफी वा चहा त्याच लोहाच्या आड येतो. कॉफीची आवड असलेल्या त्या शहरात हे मुलांना, आणि मुलांमार्फत घरी, कळणे अगत्याचे आहे.

हिवाळा आला, की बंगळूरच्या बाजारात ‘अवरेकाई’चे ढीग लागतात. ही शेंग मराठी माणसाच्या ओळखीची आहे; आपल्याकडील वाल आणि पावटा हे तिचेच प्रकार. तिकडे भिजविलेला दाणा चिमटून साल काढतात व त्याला ‘हितकिद बेळे’ म्हणतात. इकडे कोकणात भिजवून, मोड आणून, सोलून त्याचे बिरडे करतात. ही सगळी खटपट कशासाठी? वालाच्या कच्च्या दाण्यात प्रथिनांच्या पचनाला विरोध करणारे एक द्रव्य असते. पोटातील ट्रिप्सिन नावाचे पाचक विकर ते निष्प्रभ करते. कमलाबाई सोहोनी यांनी मुंबईत आपल्या सहकाऱ्यासह हे द्रव्य वालातून स्फटिकरूपात वेगळे केले, आणि ते संशोधन १९५५ साली ‘नेचर’ या जगप्रसिद्ध नियतकालिकात प्रसिद्ध झाले. दाणे भिजवून नीट शिजविले, की या द्रव्याचा प्रभाव बहुतांशी नाहीसा होतो. आजीच्या हातची रीत आणि प्रयोगशाळेतील निष्कर्ष एकमेकांस कसे मिळतात, हे सांगण्यास याहून चांगले उदाहरण क्वचितच सापडेल. चौथीतील मुलाला ट्रिप्सिन हे नाव कळले नाही तरी चालेल. ‘कच्चा वाल पोटाला जड, भिजवून शिजविलेला वाल हितकर’, एवढे त्याला कळले आणि त्यामागे कारण आहे हे पटले, तरी पाठ सफळ झाला.

आता नाचणीकडे वळू. दक्षिण कर्नाटकात तिला ‘रागी’ म्हणतात आणि तिच्या पिठाचा उंडा, ‘रागी मुद्दे’, हे तेथील कष्टकऱ्यांचे मुख्य अन्न. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम चुना, म्हणजे कॅल्शियम असते. सडलेल्या तांदळात ते १० मिलिग्रॅमच्या आसपासच असते. सात ते नऊ वर्षांच्या मुलाला रोज साधारण ६५० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते, हे लक्षात घेतले म्हणजे हाडे वाढण्याच्या वयात नाचणीचे मोल ध्यानात येते. तिच्यातील सर्वच कॅल्शियम शरीर घेऊ शकत नाही हे खरे. पण मोड आणून केलेल्या पिठात ही अडचण बरीच कमी होते. नाचणीचे सत्त्व तान्ह्या मुलांना देण्याची आपली रूढी म्हणूनच शहाणपणाची ठरते.

असे असूनही नाचणीला एक सामाजिक दुःख चिकटले आहे. भात हे श्रीमंताचे अन्न आणि नाचणी हे गरिबाचे, ही समजूत फार जुनी आहे. सोळाव्या शतकातील संतकवी कनकदास यांनी याच विषयावर ‘रामधान्यचरित’ हे कन्नड काव्य रचिले. तांदूळ आणि नाचणी यांच्यात श्रेष्ठ कोण असा वाद लागतो. तांदूळ आपल्या शुभ्रतेचा गर्व मिरवितो आणि नाचणीच्या काळेपणाची हेटाळणी करितो. निवाडा करण्यासाठी श्रीराम दोघांनाही सहा महिने कोठडीत ठेवण्याची आज्ञा देतात. मुदत संपल्यावर तांदूळ क्षीण होऊन बाहेर पडतो आणि नाचणी जशीच्या तशी राहते. राम तिचा गौरव करतात आणि राघवाचे धान्य म्हणून तिला मान मिळतो. कथेतील हे फळ शेतकऱ्याच्या अनुभवाशी जुळणारेच आहे. नाचणी कीड न लागता वर्षानुवर्षे टिकते आणि दुष्काळात तीच घर सावरते.

ही गोष्ट आहारपाठात सांगण्याचे कारण केवळ मनोरंजन हे नाही. डब्यातली काळसर भाकरी झाकून खाणारे मूल प्रत्येक शाळेत असते. शेजाऱ्याच्या डब्यात पांढरा पाव किंवा चकचकीत वेष्टनातील तळलेले पदार्थ दिसले, की त्याला आपल्या आईच्या हातच्या अन्नाची लाज वाटू लागते. पुढे ते मूल त्याच वेष्टनासाठी हट्ट धरते, आणि थोडक्या मिळकतीतील पैसे पौष्टिक अन्नाकडून निःसत्त्व अन्नाकडे वळतात. लाजेची ही किंमत शरीराला मोजावी लागते. शिक्षकाने पहिल्या दिवशी वर्गात तक्ता टांगण्याऐवजी रामधान्याची गोष्ट सांगितली आणि मग ‘कुणाच्या डब्यात नाचणी आहे?’ असे विचारले, तर हात अभिमानाने वर होतील.

अर्थात ताट भरलेले असेल तरच ताटातून शिकविणे संभवते. उपाशी मुलाला आहारपाठ देणे ही क्रूर थट्टा होय. २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्राथमिक शाळांतील मुलांना शिजविलेले भोजन देण्याचा आदेश राज्यांना दिला. त्याच्या आदल्या वर्षी, २००० साली, बंगळूरच्या पाच सरकारी शाळांतील १५०० मुलांना जेवण पुरवून ‘अक्षयपात्र’ या संस्थेच्या कामास प्रारंभ झाला होता. कर्नाटक शासनाने २००२ पासून आपली योजना सुरू केली आणि तिला ‘अक्षर दासोह’ हे नाव दिले. दासोह हा शिवशरणांच्या परंपरेतील शब्द. आपल्या कष्टाचे फळ समाजाला विनम्रपणे अर्पण करणे, हा त्याचा आशय. अक्षर आणि अन्न एकाच पंगतीत वाढावे, ही कल्पना त्या नावातच आहे. २०१३ पासून तेथील शाळांत दूध देण्यात येऊ लागले. पुढे अंडे, आणि ते न खाणाऱ्यास केळे, अशी भर पडली. २०२४ साली दुधाबरोबर नाचणीचे सत्त्वही शाळेत आले. गरिबाचे म्हणून हिणविले गेलेले धान्य सरकारी पेल्यातून सर्वांसमोर आले, ही घटना लहान नव्हे.

या भोजनाचे माप केंद्रीय योजनेने ठरवून दिले आहे. पहिली ते पाचवीच्या प्रत्येक मुलासाठी १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल. त्यातून ४५० कॅलरी ऊर्जा आणि १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत, अशी अपेक्षा आहे. हे आकडे कागदपत्रांत पडून राहण्याचे कारण नाही. तराजू वर्गात आणावा, मुलांकडून २० ग्रॅम डाळ मोजवून घ्यावी आणि चाळीस मुलांच्या वर्गाला किती लागेल ते काढावयास सांगावे. ४ किलो तांदूळ, ८०० ग्रॅम डाळ, २ किलो भाजी, असे उत्तर येईल. त्यात गणित आले, आहारशास्त्र आले, आणि आपल्या वाट्याचे किती हे मुलाला कळले. डाळ पातळ झाली तर ते ओळखण्याची बुद्धी अशा गणितातूनच येते.

मुलांना नवे अन्न आवडत नाही, अशी तक्रार पालक व शिक्षक दोघेही करतात. परंतु अनोळखी चवीविषयी संशय बाळगणे हा बालस्वभाव आहे. एखाद्या भाजीची चव आठ-दहा वेळा, कधी त्याहूनही अधिक वेळा घेतल्यावरच मूल ती आपली मानते, असा अभ्यासकांचा अनुभव आहे. म्हणून दोनदा नाकारलेली भाजी कायमची सोडू नये. सक्ती करू नये आणि ‘भाजी संपवलीस तर चॉकलेट देईन’ असे आमिषही दाखवू नये. अशा आमिषाने भाजी ही शिक्षा आणि गोड हे बक्षीस, असा उलटा धडा मिळतो. याउलट मूल ज्या गोष्टीला हात लावते तिला तोंडही लावते. ओल्या फडक्यात बांधलेल्या मुगांना मोड येताना पाहणे, शाळेच्या आवारात पेरलेली मेथी तीन-चार आठवड्यांनी स्वतः खुडणे, बाजारातील पाल्यांची नावे दोन भाषांत सांगणे, यांसारखी कामे यासाठी उत्तम. ‘सब्बसिगे’ म्हणजे शेपू, ‘नुग्गे सोप्पु’ म्हणजे शेवग्याचा पाला, हे शोधून काढताना मुले भाषा शिकतात आणि भाजीशी मैत्रीही करतात. जेवणापूर्वी साबणाने हात धुणे हाही या पाठाचाच भाग होय. कारण हगवणीने आजारी पडलेल्या मुलाला उत्तम अन्नाचाही लाभ मिळत नाही.

आजच्या शहरात दोन विरुद्ध संकटे एकाच बाकावर बसतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातील पाच वर्षांखालील ३५.५ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली आढळली. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या ६७.१ टक्के मुलांत रक्तक्षय आढळला. हीच मुले पुढे पहिलीच्या वर्गात येतात. त्यांच्या शेजारी, साखर, मीठ आणि तेल यांचा अतिरेक असलेल्या पदार्थांवर वाढणारी मुलेही असतात. त्यांच्यासाठी साखरेचा धडा डोळ्यांनी दाखविता येतो. गोड पेयाच्या ३०० मिलिलिटरच्या बाटलीत साधारणतः ३० ग्रॅमच्या आसपास साखर असते. तेवढी साखर चमच्याने मोजून पेल्यात टाकली, की सात-आठ चमचे होतात. मुलांचे डोळे त्या ढिगाकडे पाहूनच मोठे होतात. वेगळे व्याख्यान लागत नाही. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०२५ साली आपल्या शाळांना साखरेची माहिती देणारे फलक लावावयास सांगितले, ते याच हेतूने. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनी तर शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत अशा पदार्थांच्या विक्रीला मनाई केली आहे. नियम पाळला जातो की नाही, हे पाहण्याचे काम मोठ्यांचे आहे. वर्गात एक शिकवावयाचे आणि फाटकाबाहेर दुसरेच विकू द्यावयाचे, यातून मुले तिसरेच काही शिकतात.

येथे दोन पथ्ये मात्र शिक्षकाने कटाक्षाने पाळावी. कोणत्याही मुलाच्या शरीराचा, त्याच्या बारीकपणाचा वा स्थूलपणाचा, वर्गात उल्लेख करू नये. आणि मुलाला त्याच्या घरच्या स्वयंपाकघराचा तपासनीस बनवू नये. ‘तुझ्या आईने भाजी का दिली नाही?’ या प्रश्नाचे खरे उत्तर पुष्कळदा आईच्या अज्ञानात नसते, ते तिच्या रोजंदारीत आणि बाजारभावात असते. बांधकामावर राबणाऱ्या मातेला मुलाच्या तोंडून दोष ऐकावा लागला, तर शाळा आणि घर यांच्यात भिंत उभी राहील. त्याऐवजी मुलाने घरी जाऊन ‘आज आम्ही मुगाला मोड आणले, उद्या आपणही आणू या’ असे सांगावे. मूठभर मुगाला फारसा खर्च येत नाही, आणि शाळेतली विद्या घरच्या चुलीपर्यंत कोणाचाही अपमान न करता पोहोचते.

कोणते अन्न शरीरात कोणते काम करते, याचा शोध शास्त्रज्ञांनी पुष्कळ अंशी लावून ठेवला आहे. शासनाने ताटाचे माप ठरविले आहे. उरते ते या दोहोंना जोडण्याचे काम, आणि ते प्राथमिक शाळेतील शिक्षकांच्या व शाळेत अन्न शिजविणाऱ्या स्त्रियांच्या हाती आहे. त्यासाठी महागडी साधने लागत नाहीत. मुले पंगतीत बसली असताना शिक्षकाने त्यांच्याजवळ बसावे, तेच अन्न खावे आणि खाता खाता विचारावे: आज ताटात बळ देणारे कोण, वाढविणारे कोण, रक्षण करणारे कोण? उत्तर देताना मूल आपल्या ताटाकडे नीट पाहील. आपल्या अन्नाकडे असे जाणतेपणाने आणि न लाजता पाहावयास शिकलेले मूल मोठेपणी स्वतःच्या मुलांना काय वाढावे, हेही जाणेल.